जानेवारीत कंबोडिया, आठ दिवस, एक कॅमेरा: कुठे किती वाजता उभं राहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते लक्षात राहील. तुम्ही दोघं नवरा-बायको जानेवारीत आठ दिवस कंबोडियाला जाताय, आधी राजधानी नोम पेन आणि मग अंकोरच्या देवळांजवळचं शहर सिएम रीप. फुलफ्रेम बॉडी एक, २४-७० आणि ७०-२०० अशा दोन लेन्स. टूरवाल्याने अंकोरच्या तीन दिवसांत अठरा देवळं बसवलीयेत, शिवाय रोज पहाटे सनराइज आणि रोज संध्याकाळी सनसेट. यातलं काय ठेवू, काय काढू, वाइड लेन्स विकत घेऊ का आणि ट्रायपॉड न्यायचा का, हे तुम्ही विचारलंय.

अठरातली दहा देवळं सरळ काढून टाका. मी आजवर सहा वेळा गेलोय, त्यातल्या तीन वेळा छोटे ग्रुप घेऊन, आणि दरवेळी हेच दिसलंय की जो माणूस एका देवळात तीन तास थांबला त्याच्याकडे फोटो आहेत आणि जो तीन तासांत चार देवळं करून आला त्याच्याकडे फक्त तिथे जाऊन आल्याचा पुरावा आहे. ड्रायव्हरला, गाइडला, टूरवाल्याला देवळं रस्त्याच्या क्रमाने दिसतात, छोटा सर्किट १७ किलोमीटरचा, मोठा २६ किलोमीटरचा, एकापाठोपाठ एक. फोटो काढणाऱ्याने तो क्रम बाजूला ठेवायचा आणि प्रत्येक देवळाला तीन प्रश्न विचारायचे, तोंड कुठल्या दिशेला आहे, वर छप्पर किंवा झाडं आहेत का, आणि दगड कसला आहे. या तीन उत्तरांवरून तिथे किती वाजता जायचं ते आपोआप ठरतं.

सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द अंकोर वाटचंच घ्या. बाकीची बहुतेक ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियातली, देवळं पूर्वाभिमुख आहेत, हे पश्चिमाभिमुख. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं. म्हणजे पहाटे पाच वाजता हजारभर माणसं पुढच्या अंगणात जमतात तेव्हा सूर्य देवळाच्या मागून येत असतो आणि देवळाचा चेहरा काळोखात असतो. सनराइजचा फोटो म्हणजे तिथे सिल्हूएट, पाच शिखरांची काळी आकृती आणि मागे रंग. तो फोटो वाईट नाही, एकदा जरूर काढा, पण तो आकाशाचा फोटो आहे, देवळाचा नाही. देवळाचा फोटो दुपारी साडेतीननंतर मिळतो, जेव्हा उन्ह समोरून येतं आणि तोच राखाडी दगड मधासारखा होतो. आणि त्या वेळी तुमचा टूरवाला तुम्हाला सनसेटसाठी नोम बाखेंगच्या टेकडीवर रांगेत उभा करणार आहे, जिथे वर एका वेळी ३०० माणसांचीच मर्यादा आहे, त्यामुळे लवकर जाऊन जागा धरून बसावं लागतं. ७०-२०० ने तिथून जंगलात बुडालेलं अंकोर वाट चांगलं दिसतं हे खरं, पण त्या एका फ्रेमसाठी अख्खी संध्याकाळ जाते, माझ्या मते ती किंमत जास्त आहे.

आता सनराइजच्या एका दिवसाबद्दल नीट सांगतो, कारण तो एकच दिवस करायचा आणि व्यवस्थित करायचा. अंकोर वाट पहाटे पाचला उघडतं. जानेवारीत तिथे सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो, म्हणजे रंगाची वेळ पावणेसहा ते सव्वासहा. पास आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा, पाचच्या सुमाराला दुसऱ्या दिवसाचा पास मिळायला लागतो आणि त्याच पासवर त्या संध्याकाळी आत जाता येतं. पहाटे तिकीट घराच्या रांगेत उभं राहिलात तर सगळा खेळ तिथेच संपला. आत गेल्यावर मधल्या दगडी रस्त्याने पुढे या, डाव्या हाताचं म्हणजे उत्तरेचं तळं धरा, त्यातलं पाणी टिकून असतं. जानेवारीत सूर्य पूर्वेपेक्षा बराच दक्षिणेला सरकून उगवतो, त्यामुळे मधल्या रस्त्यावर उभं राहिलात तर तो शिखरांपासून उजवीकडे लांब निघतो, पण उत्तरेच्या तळ्याकडून बघताना तुमची नजरच तिरपी, आग्नेयेकडे असते, म्हणून तिथून सूर्य शिखरांच्या जवळ येतो. (अगदी मधल्या शिखरावर सूर्य बघायचा तर मार्च किंवा सप्टेंबरमधले विषुवदिनाच्या आसपासचे दिवस, तेव्हा गर्दीही तशीच असते.) एक्स्पोजर आकाशाला लावा, शिखरं काळी राहू देत, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, एकेक स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तीच फ्रेम कमी-जास्त उजेडात तीनदा काढा आणि पाण्याच्या अगदी जवळ बसा, उभं राहून काढलं तर पुढच्याचं डोकं आणि त्याचा मोबाइल प्रतिबिंबात येतोच येतो. छोटा ट्रायपॉड फक्त या एका सकाळी लागेल. बाकी दिवस तो हॉटेलात ठेवा, अरुंद गॅलऱ्यांमध्ये आणि जिन्यांवर तो लोकांच्या पायात येतो आणि आजकालच्या बॉडीत कमी उजेडात ३२०० आयएसओपर्यंत सेन्सरची संवेदनशीलता वाढवली तरी काहीही अडत नाही.

पण खरी गंमत सूर्य वर आल्यानंतर आहे. पावणेसातला सगळी गर्दी नाश्त्याला पळते किंवा तळ्यावर सेल्फी काढत बसते. तुम्ही तेव्हा देवळाला वळसा घालून मागे, पूर्वेच्या बाजूला जा. तिथे कुणी नसतं. आणि सकाळचं कोवळं उन्ह थेट त्या बाजूवर असतं, गवतावर दव, झाडांच्या लांब सावल्या, आणि त्या बाजूच्या गॅलरीत, पूर्वेच्या दक्षिण अंगाला, समुद्रमंथन. जवळपास ५० मीटर लांबीचा एकच शिल्पपट, एका बाजूला असुर, एका बाजूला देव, मधे वासुकी, मंदरपर्वत आणि विष्णू, खाली मगरी आणि मासे तुकडे होऊन फिरतायत. ही गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते, त्यामुळे गाइडशिवायही कोण कोण आहे ते कळतं, आणि ओळखीच्या माणसाचा फोटो काढावा तसा तो फोटो निघतो.

संध्याकाळी याच देवळाच्या पश्चिम गॅलरीत या, दुसऱ्या दिवशी आलात तरी चालेल. गॅलरी म्हणजे आपल्याकडे देवळाभोवती ओवऱ्या असतात तशीच रचना समजा, आतल्या बाजूला अखंड भिंत आणि बाहेरच्या बाजूला चौकोनी खांब. दक्षिण अंगाला कुरुक्षेत्र आहे, उत्तर अंगाला लंकेचं युद्ध. कुरुक्षेत्रासमोर उभं राहिलं की डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मधे नुसती रणधुमाळी. डावीकडच्या भागात शरपंजरी भीष्म शोधा.

हा एक फोटो कसा काढायचा ते सविस्तर सांगतो, कारण त्यातून बाकी सगळं कळेल. हे कोरीवकाम उथळ आहे, आपल्या वेरूळसारखं भिंतीतून बाहेर आलेलं नाही, काही ठिकाणी जेमतेम बोटाच्या पेराइतकं खोल असेल. अशा कामावर समोरून उजेड पडला की ते सपाट दिसतं, चित्रासारखं. त्याला उजेड बाजूने, घासून जाणारा हवा. जानेवारीत दुपारी चारनंतर सूर्य नैऋत्येला असतो, त्यामुळे उन्ह खांबांमधून तिरपं आत शिरतं आणि भिंतीवर उन्हाचे आणि सावलीचे उभे पट्टे पडतात. ते पट्टे हळूहळू सरकतात. मी एकदा भीष्माच्या डाव्या हाताला बसून वाट बघत होतो, आधी फक्त खालचे बाण उजळले, एकेका बाणाला स्वतःची सावली आली, मग पट्टा वर चढला आणि त्याचा चेहरा, मग भोवती बसलेल्यांची वाकलेली डोकी. साधारण दहा मिनिटं हे टिकलं आणि पट्टा पुढे गेला. त्या दहा मिनिटांत निदान चार ग्रुप माझ्या मागून गेले, कुणी थांबलं नाही, कारण त्यांच्या वेळापत्रकात त्या गॅलरीला पाच मिनिटं होती. आणखी एक गोष्ट, शेकडो वर्षं लोकांचे हात लागून काही भाग काळे तुकतुकीत झालेत, त्यांच्यावर चमक येते, पोलरायझरने (चमक कमी करणाऱ्या फिल्टरने) ती पूर्ण जात नाही, तेव्हा स्वतः दोन पावलं सरकायचं. फ्लॅश नको. आणि आता पुढे दोरी असते, तिच्या आत हात घालायचा नाही, आपल्या घामाने दगड खराब होतो.

इथे एक आपल्याशी संबंधित गोष्ट सांगावीशी वाटते. १९८६ ते १९९३ या काळात, जेव्हा त्या देशात अजून पूर्ण शांतता नव्हती, तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोर वाटला दगड साफ करायला आणि ढासळलेले भाग उभे करायला जात होती. पुढे ता प्रोमचं कामही त्यांच्याकडे आलं, तिथला नृत्यमंडप २०२२ मध्ये पुन्हा उभा राहिला.

ता प्रोम म्हणजे झाडांच्या मुळांनी वेढलेलं देऊळ, सातव्या जयवर्मनचं, ११८६ चं. टूरवाल्याने ते दुपारी बाराला ठेवलं असणार, सगळे ठेवतात, "सावली आहे ना" म्हणून. फोटोसाठी तीच सगळ्यात वाईट वेळ. पानांमधून उन्हाचे कवडसे मुळांवर पडतात, एक ठिपका पांढराफटक, बाजूचा कुट्ट काळा, कुठलाही कॅमेरा ते सांभाळत नाही. तिथे एक तर साडेसातला दार उघडताना पहिलं आत शिरा, किंवा ढगाळ दिवस मिळाला तर सगळा बेत मोडून ता प्रोमला जा. ढगाखाली मुळांचा करडा-रुपेरी रंग आणि दगडावरचं हिरवट शेवाळ एकमेकांत मिसळून जातं, पोलरायझर लावला की पानांवरची चमकही निघून जाते. प्रसिद्ध झाडांपुढे लाकडी कट्टे केलेत, तिथे रांग असते, रांगेत वीस मिनिटं घालवू नका, मागच्या अंगणात तितकीच मोठी झाडं आहेत.

बायोन हे याच राजाचं, मोठमोठ्या हसऱ्या चेहऱ्यांचं. तिथे तुमची ७०-२०० कामाला येईल. सगळे लोक तिथे वाइड लावतात आणि चेहरे लहान, आकाश मोठं असे फोटो घेऊन येतात. १०० ते १५० मिलिमीटरवर या, जरा लांब उभे राहा, एका चेहऱ्याच्या मागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसऱ्याचं नाक-ओठ असे थर लागतात आणि मग त्या देवळाचं जे खरं अंगावर येणं आहे ते फोटोत उतरतं. चेहरे चारी दिशांना आहेत त्यामुळे सकाळी पूर्वेचे, संध्याकाळी पश्चिमेचे, कधीही गेलात तरी कुणीतरी उजेडात असतंच. पण बायोनचं जे लोक बघतच नाहीत ते म्हणजे बाहेरच्या गॅलरीचे शिल्पपट. तिथे राजा आणि देव कमी, साधी माणसं जास्त. बाजारात तराजू धरून बसलेली बाई, कोंबड्यांची झुंज लावणारे, कढईत अख्खं डुक्कर सोडणारे आचारी, चाम (शेजारच्या चंपा राज्याच्या) सैन्याशी होड्यांमधली लढाई आणि होड्यांखाली झाडांमध्ये पोहणारे मासे. यातलं बरंचसं दक्षिण बाजूला आहे. आणि गॅलरीचं छप्पर कधीच पडून गेलंय, त्यामुळे जानेवारीत, जेव्हा सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच कललेला असतो, अगदी भर दुपारीसुद्धा वरून घासून जाणारं उन्ह या भिंतीवर पडतं. म्हणजे ज्या वेळी बाकी सगळीकडे कॅमेरा बॅगेत टाकावा लागतो त्या वेळी इथे काम करता येतं. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं आणि तेव्हापासून माझी एक दुपार तिथलीच असते.

बान्ते स्रेई मात्र काहीही झालं तरी काढू नका. सिएम रीपपासून रस्त्याने तास-सव्वा तास लागतो, म्हणून टूरवाले ते अकराला पोचतील असं ठेवतात. तुम्ही साडेसहाला हॉटेल सोडा, साडेसातला दार उघडतं तेव्हा तिथे असा. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं, अंकोर वाटच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीचं, राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवलेलं छोटंसं शिवमंदिर. इतकं छोटं की पहिल्यांदा बघणारा म्हणतो एवढंच का. पण गुलाबी वालुकाश्म आणि त्यावर लाकडावर करावं तसं खोल कोरीवकाम. पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळचं पहिलं उन्ह समोरून येतं आणि त्या गुलाबी दगडातून जणू आतून उजेड येतो. तासाभरात तो रंग उडून जातो, साडेनऊला तोच दगड विटेसारखा दिसतो.

आत दोन छोट्या इमारती आहेत, त्यांना ग्रंथालय म्हणतात. दक्षिणेकडच्या ग्रंथालयाच्या पूर्वेच्या दारावर जो त्रिकोणी शिल्पपट आहे तो बघा, रावण कैलास हलवतोय. दहा डोकी, वीस हात, वर शंकर, त्याला बिलगलेली पार्वती, घाबरलेले ऋषी आणि पळणारे प्राणी. तुम्ही वेरूळच्या कैलास लेण्यात दक्षिणेच्या बाजूला हाच प्रसंग पाहिला असेल. वेरूळला रावण अंधारातून वर येतो, काळा बेसॉल्ट, खोल कोरलेला, अंगावर येणारा. इथे तोच प्रसंग दागिन्यासारखा, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेला पर्वत, प्रत्येक पायरीवर वेगळी माणसं. वेरूळचा तुमचा एखादा फोटो असेल तर जाण्याआधी तो पुन्हा बघा आणि मग इथे उभे राहा, काय टिपायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल. मधल्या गाभाऱ्यांभोवती दोरी आहे, जवळ जाता येत नाही, म्हणून इथेही ७०-२०० हवीच. दगडाबद्दल एक तांत्रिक गोष्ट, आपल्याला सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची सवय असते, तिथे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फोटो जास्त उजळ करतो म्हणून आपण हात आखडता घेतो. बान्ते स्रेईला लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे उडतात. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण लाल वेगळा काढून बघितला तर उजवीकडे आदळलेला असतो, म्हणून तिथे अर्धा-पाऊण स्टॉप कमीच ठेवा आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, डेलाइटवर लॉक करा, नाहीतर कॅमेरा तो गुलाबीपणा "दुरुस्त" करून टाकतो. देवळाभोवतीच्या कुंपणभिंती जांभ्याच्या आहेत, कोकणातला माणूस बघताक्षणी ओळखेल.

परत येताना प्रेआ दाक नावाचं गाव लागतं, तिथे उतरा. ताडाच्या रसाची साखर करायचे दिवस जानेवारीत सुरू झालेले असतात. रस्त्याच्या कडेला मातीच्या चुलाणावर मोठी कढई, रस आटतोय, बाई लाकडी दांड्याने ढवळतेय, आपलं गुऱ्हाळच लहान आकारात. वाफेमागून उन्ह येईल अशा बाजूला उभे राहा. पण आधी साखर विकत घ्या, ताडाच्या पानाच्या पुडीत मिळते, चव घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा फोटो काढू का. ख्मेरमध्ये आभाराला ऑर्कुन म्हणतात, एवढा एक शब्द आणि जोडलेले हात पुरतात, नमस्कार तिथेही हात जोडूनच करतात.

माणसांच्या फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे, ते सांगूनच टाकतो. देवळांच्या दारात लहान मुलं पोस्टकार्डं आणि मॅग्नेट विकतात, त्यांना पैसे देऊन फोटो काढू नका आणि त्यांच्याकडून विकतही घेऊ नका, त्या पैशामुळेच ती शाळेऐवजी तिथे असतात. भिक्षूंना विचारल्याशिवाय लेन्स रोखायची नाही, आणि तुमच्या मिसेसनी भिक्षूंना हात लागणार नाही याची काळजी घ्यावी, तो त्यांचा नियम आहे. दोघांनीही खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, अंकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नाहीतर सोडतच नाहीत. तो मजला बौद्ध सणवाराच्या दिवशी बंद असतो, तारीख आधी बघून ठेवा. ड्रोन नेऊ नका, अंकोरच्या प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

आता नोम पेन. दोन दिवस ठीक आहेत. पहाटे तोन्ले सापच्या काठावर जा, किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्य नदीतून वर येतो आणि काठावर म्हातारी माणसं व्यायाम करत असतात, मासेमारी करणाऱ्या होड्या समोरून जातात. राजवाडा सकाळी पहिल्यांदाच करा, दुपारी तो मधे बंद असतो, आणि सिंहासन मंडपात आणि चांदीच्या फरश्यांच्या पॅगोडात आत फोटोला बंदी आहे, बाहेरूनच छपरांच्या पिवळ्या-हिरव्या कौलांवर वेळ घालवा. भर दुपारी सेंट्रल मार्केट, १९३७ ची पिवळी आर्ट डेको इमारत, मधल्या घुमटाच्या झरोक्यांमधून उजेड खाली सोन्या-घड्याळांच्या दुकानांवर उतरतो, २४ मिलिमीटरवर सरळ वर बघून एक फ्रेम घ्या.

तुओल स्लेंगला जाल, जायलाच हवं. पूर्वीची शाळा, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, १९७५ ते ७९, तिथे तुरुंग केला. आणलेल्या प्रत्येक माणसाचा तिथे फोटो काढला जायचा, तेच हजारो चेहरे आज भिंतींवर आहेत, छातीवर नंबर लावलेले, काही अगदी लहान मुलं. माझी विनंती आहे की त्या खोल्यांमध्ये कॅमेरा बॅगेत ठेवा, परवानगी असेल तिथेसुद्धा. त्या लोकांना एकदा त्यांच्या मनाविरुद्ध कॅमेऱ्यासमोर बसवलेलं आहे. ऑडिओ गाइड घ्या, तीन तास द्या, आणि त्या दुपारी पुढे काही ठेवू नका.

नोम पेन ते सिएम रीप सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, विमानाऐवजी गाडी करा. वाटेत काम्पाँग थॉमजवळ साम्बोर प्रेई कुक लागतं, सातव्या शतकातलं ईशानपूर, अंकोरच्याही आधीची विटांची देवळं, काही अष्टकोनी, एक तर अख्खं मुळांनी गिळलेलं. २०१७ मध्ये जागतिक वारसा झालं तरी तिथे शांतता आहे. पुढे काम्पाँग क्देईचा जुना दगडी पूल आहे, दोन्ही टोकांना नागफण्या, संध्याकाळच्या उन्हात पंधरा मिनिटं पुरतात. थायलंडहून रस्त्याने यायचा किंवा सीमेवरच्या प्रेआ विहेअरला जायचा विचार मात्र डोक्यातून काढा, २०२५ मध्ये तिथे दोन्ही देशांच्या सैन्यात लढाई झाली आहे. आणि कुठल्याही लांबच्या देवळात मळलेली पायवाट सोडून झाडीत शिरू नका, सुरुंगांचा प्रश्न त्या देशात अजून संपलेला नाही.

पासाचं गणित सांगतो. एक दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन आणि सातमध्ये फरक फक्त दहा डॉलरचा, डोळे झाकून सातचा घ्या, दिवस सलग लागत नाहीत, महिन्याभरात कधीही वापरता येतात. त्यामुळे "आज पास आहे म्हणून आज सगळं उरकू" हे दडपण जातं आणि एकाच देवळात दोनदा जायची मोकळीक मिळते, सगळ्यात चांगले फोटो दुसऱ्या भेटीत येतात. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली नोट तिथे कुणी घेत नाही.

टुकटुक पाच दिवसांसाठी एकच ठरवा, रोज नवी नको. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला कागदावर वेळा लिहून दाखवा आणि सांगा की अकरा ते दोन आम्ही हॉटेलात. बायोनची एक दुपार सोडली तर ही तीन तासांची विश्रांती मोडू नका, पहाटे साडेचारला उठून संध्याकाळी सहापर्यंत सलग उन्हात राहिलं तर तिसऱ्या दिवशी माणूस नुसता बटण दाबत असतो. त्याच वेळात कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, बॅटऱ्या चार्ज करा.

वाइड लेन्स विकत घेऊ नका. २४ पुरतं, जिथे पुरत नाही तिथे मोबाइल काढा. बॅटऱ्या केबिन बॅगेतच. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास तसाच राहू द्या, मी एकदा घाईत बाहेर काढला आणि बान्ते स्रेईच्या रस्त्यावरचं पहिलं उन्ह धुरकट काचेतून बघत बसलो. धुळीच्या रस्त्यावर चालत्या टुकटुकात लेन्स बदलू नका, तिथली तांबडी धूळ सेन्सरवर बसली की आकाशाच्या प्रत्येक फोटोत ठिपके. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर फिश सॉस आणि प्राहोक म्हणजे माशाची पेस्ट नको असं स्पष्ट सांगावं लागतं, भाज्यांमध्येही ते असतं.

म्हणजे सिएम रीपमध्ये एक पहाट अंकोर वाट आणि मग त्याची मागची बाजू, एक सकाळ बान्ते स्रेई आणि प्रेआ दाक, एक सकाळ ता प्रोम, एक दुपार बायोनच्या दक्षिण भिंतीला, दोन संध्याकाळी अंकोर वाटच्या पश्चिम गॅलरीत. दुसरी पहाट हवीच असेल तर स्रा स्रांगच्या तळ्यावर जा, तेही पाचला उघडतं, तिथे सूर्य थेट पाण्यावर येतो आणि माणसं मोजकी असतात. उरलेली एक सकाळ मोकळी ठेवा, ज्या देवळात काहीतरी राहून गेलं असं वाटेल तिथे परत जायला.

आणि शेवटच्या दिवसाआधी सिएम रीपमधल्या एखाद्या फोटो लॅबमध्ये चार-पाच प्रिंट काढून घ्या, साखर करणाऱ्या बाईचा, टुकटुकवाल्याचा, गॅलरीतल्या रखवालदाराचा. टुकटुकवाल्याला सांगा, तो प्रेआ दाकपर्यंत नेऊन पोचवतो. मी गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्या बाईच्या झोपडीत, कढईच्या वरच्या खांबावर, धुराने पिवळा पडलेला माझा चार वर्षांपूर्वीचा प्रिंट खिळ्याला लावलेला होता.